नियम तर गेला, आता आपलं चर्च कसं हलवायचं? मेथडिस्ट मंडळीत एलजीबीटीक्यू लोकांसाठी काम करणाऱ्यांसाठी

आधी एक गैरसमज काढून टाकू. युनायटेड मेथडिस्ट चर्चचा नियम बदलला म्हणजे तुमचं चर्च बदललं असं काही होत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत शार्लटला जनरल कॉन्फरन्स, म्हणजे या चर्चचे नियम ठरवणारी सर्वोच्च सभा झाली, १ मेला गे आणि लेस्बियन पाळकांच्या ऑर्डिनेशनवरची (पाळकाची दीक्षा देण्यावरची) बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनी उठली, तीसुद्धा चर्चा न होता, आणि दुसऱ्या दिवशी समलिंगी आचरण "ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत" आहे म्हणणारं ते वाक्य ५२३ विरुद्ध १६१ नी सोशल प्रिन्सिपल्समधून, म्हणजे सामाजिक प्रश्नांवरच्या चर्चच्या भूमिकेतून गेलं. १९७२ ला अटलांटामध्ये आयत्या वेळी सभागृहातून आलेल्या दुरुस्तीने ते घुसलं होतं, काढायला बावन्न वर्षं लागली. तिकडे लोक रडले, गायले, मिठ्या मारल्या. आणि त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये काय झालं? काहीच नाही. आजारी लोकांसाठी प्रार्थना झाली, पॉटलकची (घरून एकेक पदार्थ आणून एकत्र जेवायची) अनाउन्समेंट झाली, झाडून सगळे घरी गेले. उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर ज्या दोघी वीस वर्षं एकत्र बसतात आणि ज्यांना सगळे "त्या मैत्रिणी" म्हणतात, त्याही गेल्या घरी.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपली लढाई नियमाशी कमी आणि या गप्प बसण्याशी जास्त आहे. विरोध करणारा माणूस निदान बोलतो तरी, त्याच्याशी भांडता येतं. "आपण तर सगळ्यांचं स्वागत करतोच की, वेगळं कशाला बोलायचं" असं म्हणणाऱ्याशी कसं भांडणार? आणि अशीच माणसं चर्चमध्ये सगळ्यात जास्त असतात, चांगली माणसं असतात, तुमच्या आजारपणात घरी जेवण घेऊन येणारी. पुढचं सगळं मुख्यतः त्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय.

सुरुवातीला कागद घ्या आणि तुम्हाला नक्की काय हवंय ते लिहून काढा. हे बरेच जण करत नाहीत, नुसतं "इन्क्लुजन पाहिजे" म्हणतात, मग मीटिंगमध्ये प्रत्येक जण आपापल्या मनातला अर्थ घेऊन भांडतो. खरं तर हे चार-पाच वेगळे प्रश्न आहेत. गे माणसाला मेंबरशिप आणि त्याच्या मुलांना बाप्तिस्मा. त्याने संडे स्कूल शिकवणं, कमिटीत बसणं, कॉयरला लीड करणं. चर्चमध्ये समलिंगी लग्न. उद्या बिशपने गे किंवा ट्रान्स पास्टर पाठवला तर त्याला मनापासून घेणं. आणि ट्रान्स माणसाला त्याच्या नव्या नावाने हाक मारणं, हे वेगळंच, कारण गे लोकांना मान्य करण्यापर्यंत आलेले कितीतरी जण इथे येऊन अडकतात. एकच माणूस पहिल्या दोन्हींना हो म्हणेल, तिसऱ्याला "बघू" म्हणेल आणि चौथ्याला घाम फुटेल त्याला. कोण कुठे अडकलंय हे कळल्याशिवाय त्याच्याशी काय बोलायचं ते कळत नाही.

लग्नाबद्दल नियम नीट समजून घ्या, कारण भीती सगळ्यात जास्त इथेच आहे. २०२४ नंतर पास्टरला समलिंगी लग्न लावायला मनाई नाही आणि सक्तीही नाही. लावलं म्हणून किंवा नाही लावलं म्हणून डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंट (बिशपच्या वतीने भागातली चर्चेस बघणारा पाळक) शिक्षा करू शकत नाही, आणि लोकल चर्चवर असं लग्न आवारात घ्याच अशी जबरदस्ती तो करू शकत नाही, तसंच घेऊ नका असंही म्हणू शकत नाही. हे मी छापून खिशात ठेवायचो, कारण दर दुसऱ्या माणसाला वाटतं की आता वरून ऑर्डर आली. ब्रिटनमध्ये असाल तर तुमचं वेगळं, तिथल्या मेथडिस्ट कॉन्फरन्सने २०२१ लाच २५४ विरुद्ध ४६ नी मंजुरी दिली, पण तिथेही प्रत्येक चर्चने स्वतः ठरवायचंय आणि मिनिस्टरला सद्सद्विवेकाची मोकळीक आहे.

आता माणसं. पाच-सहा जण पुरेत, पण कोण ते महत्त्वाचं. सगळे तिशीतले आणि सगळे दोन वर्षांपूर्वी आलेले असतील तर "ही नवीन पोरं आपलं चर्च बदलायला आलीत" हे ठरलेलंच. ज्या आजींनी चाळीस वर्षं अल्टरची फुलं लावलीत अशा कोणीतरी हव्यात, ट्रस्टीजमधला एखादा हवा ज्याला छप्पर गळतंय तेच बोलता येतं, बाकी काही नाही, आणि लोकांना तो आवडतो. पास्टर सोबत असतील तर उत्तम, पण सगळं पास्टरवर टांगू नका. मेथडिस्टांत पास्टर बिशप पाठवतो, साधारण जुलैच्या सुरुवातीला नवीन नेमणुका लागू होतात, आज आहे उद्या नाही. पास्टरने उभी केलेली चळवळ पास्टरच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये चढून निघून जाते, हे मी पाहिलंय.

आणि तुम्ही स्वतः स्ट्रेट असाल तर चर्चमधल्या एलजीबीटीक्यू लोकांना आधी विचारा, की हे आम्ही सुरू करू का, तुम्हाला यात किती दिसायचंय. कोणाला पुढे उभं राहायचं असतं, कोणाला अजिबात नाही, दोन्ही बरोबर. इथे मी स्वतः माती खाल्लीये. कमिटीत बोलता बोलता जोशात म्हणून गेलो, "अहो आपल्याच दोन घरांतली मुलं गे आहेत, आपण कोणाबद्दल बोलतोय याचं भान ठेवा." नावं घेतली नव्हती. पण नव्वद माणसांचं चर्च, कॉफी संपायच्या आत हिशोब लागला होता. त्यातल्या एका मुलाची आई पुढचे तीन रविवार आली नाही. मी घरी गेलो माफी मागायला, तिने दार उघडलं, पाणी दिलं, आणि एवढंच म्हणाली की सांगायचं कधी ते त्याने ठरवायचं होतं. तेव्हापासून नियम एकच, दुसऱ्याची गोष्ट आपण सांगायची नाही, आडून नाही, आकड्यात नाही, "मला माहितीये एक जण" असंही नाही.

मग खरं काम, म्हणजे एकेकाशी बोलणं. मीटिंग नाही, पॅम्फ्लेट नाही, ग्रुपवर मेसेज तर मुळीच नाही. एकाने एकाच्या घरी किंवा चहाला बसून तासभर. आमच्या चर्चने पुढे स्वागताच्या ठरावावर मत घेतलं, त्याच्या आधी आम्ही जवळपास पन्नास जणांशी असं बोललो, आठ महिने लागले, आणि मला विचाराल तर ऐंशी टक्के काम त्यातच झालं. सुरुवात मुद्द्याने करू नका. "तुम्ही या चर्चमध्ये कसे आलात?" इथून करा. लोक सांगतात, नवरा गेला तेव्हा कोण आलं होतं, कधी बाहेरचं वाटलं, कधी घरचं वाटलं. बहुतेक वेळा अर्ध्या तासाने माणूस स्वतःच बोलतो की माझा एक पुतण्या आहे, किंवा माझी कॉलेजची रूममेट होती. त्याच्या आधी तुम्ही वादासाठी बायबलमधलं रोमकरांस पत्र काढलंत तर हा पुतण्या कधीच बाहेर येत नाही.

काही वाक्यं इतक्यांदा ऐकलीत की पाठ झालीत. "मला काही प्रॉब्लेम नाही, पण बाकीच्यांना चालणार नाही." याच्यावर शांतपणे विचारा, बाकीचे म्हणजे कोण? मला त्यांच्याशी बोलायला आवडेल. दहातल्या सात वेळा बाकीचे म्हणजे तोच माणूस असतो, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेलं नसतं. "पाप्याचं स्वागत, पापाचं नाही." इथे वाद घालू नका, विचारा की हे वाक्य आपण आणखी कोणाला उद्देशून म्हणतो? डिव्होर्सवाल्यांना म्हणतो का? आणि "चर्च फुटेल". हे हसण्यावारी नेऊ नका प्लीज, कारण चर्चेस खरंच फुटली आहेत. २०१९ ला सेंट लुईसच्या जनरल कॉन्फरन्समध्ये ४३८ विरुद्ध ३८४ नी गे लोकांबद्दलच्या कडक नियमांचा प्लॅन पास झाला, त्याबरोबर चर्चेसना युनायटेड मेथडिस्टमधून बाहेर पडायची वाट करून दिली आणि २०२३ संपेपर्यंत अमेरिकेतली साडेसात हजारांहून जास्त चर्चेस, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा, निघून गेली. कोणाची बहीण गेली त्यात, कोणाचं जुनं चर्च गेलं. ज्याच्या तोंडी ही भीती आहे त्याला आधी ते दुःख बोलू द्या. मग सांगा की ती वाट २०२४ ला बंद झाली, आता जे राहिलेत ते राहिलेत, आणि राहिलेल्यांनी एकमेकांशी कसं वागायचं एवढाच प्रश्न उरलाय.

पवित्र शास्त्राचं काय, हे येणारच, आणि टाळू नका. टाळलंत की लोकांना वाटतं तुमच्याकडे उत्तर नाही. सहा आठवड्यांचा अभ्यास ठेवा, संडे स्कूलच्या वेळेत, दहा-बारा जणांचा, आणि विरोधी मताचे निदान तीन जण आग्रहाने बोलवा. ज्या वचनांवरून मारतात ती मूठभरच आहेत. उत्पत्ती १९ मधलं सदोम, लेवीयमधली दोन, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, करिंथकरांस पहिल्या पत्रातलं ६:९ आणि तीमथ्याच्या पहिल्या पत्रातली यादी. एका बैठकीला एकच घ्या. सदोमच्या दिवशी यहेज्केल १६:४९ सोबत वाचायला लावा, तिथे संदेष्टा स्वतः सांगतो की सदोमचा अपराध काय होता, गर्व, पोटभर अन्न, ऐषाराम आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. आमच्याकडे एक गृहस्थ ते वाचून म्हणाले, "मग हे तर आपल्याबद्दलच झालं," आणि खोलीत कोणी काही बोललं नाही मिनिटभर. करिंथकरांसच्या दिवशी हे सांगा की त्यातला ग्रीक शब्द इतका दुर्मिळ आहे की विद्वानांत अजून वाद चालू आहे, आणि इंग्लिश बायबलमध्ये त्या जागी "होमोसेक्शुअल्स" हा शब्द पहिल्यांदा १९४६ च्या भाषांतरात आला. याने सगळे पटतात असं नाही. पण "बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय" म्हणणारा माणूस "मला वाटतं बायबल असं म्हणतं" इथपर्यंत आला तरी खूप मोठी गोष्ट आहे.

नुसतं बचाव करत बसू नका पण, त्यानंतर आणखी दोन आठवडे दुसऱ्या बाजूचं ठेवा. प्रेषितांची कृत्ये अध्याय ८, कांदके राणीचा षंढ अधिकारी रथात बसून यशया वाचतोय. नियमशास्त्राप्रमाणे त्याला मंडळीत जागा नव्हती, आणि तो सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला सरळ विचारतो की मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? फिलिप्प कमिटी बोलवत नाही. दोघं पाण्यात उतरतात. मग यशया ५६ उघडा, तिथे षंढांना देवाने दिलेलं वचन आहे. ट्रान्स लोकांबद्दल बोलायचं असेल तर या दोन उताऱ्यांइतकी चांगली सुरुवात मला तरी सापडली नाही.

आणि मेथडिस्ट म्हणून आपल्याकडे जे आहे ते वापरा ना! लोक उगाच बाहेरून भाषा उसनी आणतात. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचे तीन जनरल रूल्स प्रत्येक जुन्या मेंबरला माहितीयेत, कोणाचं वाईट करू नका, भलं करा, देवाने घालून दिलेल्या साधनांत (प्रार्थना, उपासना वगैरे) राहा. पहिल्यावरच थांबा आणि विचारा की आपल्या गप्प बसण्याने कोणाचं वाईट झालंय का. शास्त्र, परंपरा, बुद्धी आणि अनुभव या चार गोष्टी एकत्र धरून विचार करायची आपली पद्धत आहे, त्यात अनुभव म्हणजे त्या तिसऱ्या बाकावरच्या दोघींचाही अनुभव. आणि एक कमी माहीत असलेली गोष्ट. १७३२ साली ऑक्सफर्डच्या तुरुंगात ब्लेअर नावाचा एक कैदी होता, पुरुषाशी संबंधांच्या आरोपावरून, आणि तरुण वेस्ली आणि त्याच्या साथीदारांनी त्याच्या केसमध्ये मदत केली, लोक नावं ठेवत असताना. वेस्ली आजच्या अर्थाने सपोर्टर होता असं कृपा करून म्हणू नका, ते खोटं ठरेल आणि कोणीतरी पकडेल. पण तो गेला होता, एवढं सांगायला हरकत नाही.

"चर्च कधी बदलत नसतं" याला इतिहास पुरेसा आहे. गुलामगिरीवरून १८४४ ला अमेरिकेतले मेथडिस्ट फुटले. १९३९ ला परत एकत्र आले ते काळ्या मंडळ्यांना सेंट्रल ज्युरिस्डिक्शन नावाच्या वेगळ्या डब्यात टाकून, तो डबा १९६८ ला मोडला. बायकांना पाळक म्हणून पूर्ण हक्क १९५६ ला मिळाले. प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंच्या हातात बायबल होतं. हे सांगताना टोमणा मारू नका, खोलीत असे लोक बसलेले असतात ज्यांच्या लहानपणी हे चालू होतं आणि ज्यांना आठवतं की आपण तेव्हा कुठल्या बाजूला होतो.

आता प्रोसिजर, कंटाळवाणी आहे पण इथे चुकलात तर आठ महिने पाण्यात. विषय आधी चर्च कौन्सिलमध्ये न्यायचा, आणि मतासाठी नाही, "आम्ही असा अभ्यास करतोय" एवढं सांगायला. एसपीआरसी, म्हणजे पास्टर आणि मंडळी यांच्यातलं बघणारी कमिटी, तिच्या लोकांशी वेगळं बोला, कारण नवीन पास्टर येताना बिशपच्या ऑफिसशी त्यांचं बोलणं होतं आणि "गे पास्टर चालेल का" हा प्रश्न त्यांच्यासमोर आयत्या वेळी आला तर घाबरून नाही म्हणतील. मताचं म्हणाल तर चार्ज कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या नेहमीच्या अधिकृत सभेत, मुख्यतः कौन्सिलवालेच मत देतात. सगळ्या मेंबरांनी मत द्यायला हवं असेल तर चर्च कॉन्फरन्स घ्यावी लागते आणि ती डिस्ट्रिक्ट सुपरिंटेंडंटच्या परवानगीनेच होते. निदान दहा दिवस आधी नोटीस लागते. मी तर महिनाभर आधी द्या म्हणेन आणि ठरावाचा मजकूर सोबत जोडा, म्हणजे "आम्हाला माहीतच नव्हतं" हे उरत नाही.

ठरावाचा मजकूर. यावर आमचे चार आठवडे गेले आणि वर्थ होते. पहिला ड्राफ्ट होता "आम्ही सर्वांचं स्वागत करतो." छान, गोड, आणि काही उपयोगाचा नाही, कारण हे वाक्य तर नियम असतानाही बाहेरच्या बोर्डावर होतंच. ज्याला दारातून एकदा परत पाठवलंय तो "सर्व" वाचून आत येत नाही, तो स्वतःचं नाव शोधतो. म्हणून लैंगिक कल आणि जेंडर ओळख हे शब्द स्पष्ट हवेत, आणि स्वागत कशात ते पण हवं, मेंबरशिप, सेवा, नेतृत्व, लग्न. "लग्न" शब्दावर आमच्यात दोन जण उठून गेले होते. एक परत आला. चार-पाच ओळींत बसवा, धर्मशास्त्राचा निबंध नको, तो कोणी वाचत नाही.

मत चिठ्ठीने घ्या, हात वर करून नाही. आणि माझं स्पष्ट मत, एक्कावन्न टक्क्यांवर जिंकण्यात अर्थ नाही. तीन चतुर्थांश तरी हवेत. एकेकाशी झालेल्या बोलण्यांवरून तेवढे दिसत नसतील तर मत पुढे ढकला, लाज वाटू देऊ नका, कारण अर्ध्या चर्चने नाही म्हटलेल्या चर्चमध्ये गे जोडप्याला स्वागत वाटेल असं कोणाला वाटतं? ठराव हरला तर तिसऱ्या बाकावरच्या त्या दोघींना तो आकडा ऐकत बसावं लागतं, तुम्हाला नाही. ठराव पास झाल्यावर रिकन्सायलिंग मिनिस्ट्रीज नेटवर्कमध्ये नाव नोंदवता येतं, १९८४ पासून ते मेथडिस्ट चर्चेसबरोबर हेच काम करतायत, त्यांच्याकडे चर्चा कशी घ्यायची याचं साहित्यही असतं, आधीच मागवा.

मताच्या दिवशी कोणीतरी दुखावून जाणार. आमच्याकडे दोन कुटुंबं गेली. त्यांना फोन केला, समजवायला नाही, निरोप द्यायला. त्यातल्या एकांना आजारपणात अजून कॉयरवाले भेटायला जातात.

वरच्या पातळीवर काम करायचं असेल तर अॅन्युअल कॉन्फरन्सचा (भागातल्या चर्चेसच्या वार्षिक सभेचा) ले मेंबर, म्हणजे पाळक नसलेला तुमचा प्रतिनिधी, कोण आहे ते बघा, बऱ्याच चर्चेसमध्ये ही जागा "कोणीतरी जा रे" म्हणून भरली जाते, तुमच्यापैकी एकाने हात वर करा. जनरल कॉन्फरन्सला पिटिशन कोणताही मेंबर पाठवू शकतो, त्याला पाळक असावं लागत नाही. पण हे दुसऱ्या वर्षी, आधी आपलं घर.

कारण ठरावानंतर जे राहतं ते बारीकसारीक आणि तेच खरं. वेबसाइटवर ठरावाच्या त्या चार ओळी पहिल्या पानावर, "आमच्याबद्दल" च्या खाली सातव्या क्लिकवर नाही. अॅनिव्हर्सरीच्या अनाउन्समेंटमध्ये त्या दोघींची तारीख विचारून घ्या, फोटो डायरेक्टरीत एका घराचा एकच फोटो. अशरना (दारात स्वागत करणाऱ्यांना) सांगा की नवीन जोडपं आलं तर "तुम्ही बहिणी का?" विचारायचं नाही. कुलूप लागणारं एखादं टॉयलेट सगळ्यांसाठी म्हणून पाटी बदला, शंभर रुपयांचंसुद्धा काम नाही. मेंबरशिपच्या फॉर्मवर पती आणि पत्नीच्या जागी जोडीदार, बाप्तिस्म्याच्या फॉर्मवर आई आणि वडीलच्या जागी पालक आणि पालक. हा फॉर्म आम्ही ठरावाच्या पुढच्याच आठवड्यात बदलला, सगळे खूश, आणि पाच महिन्यांनी दोन आया आपलं बाळ घेऊन आल्या तर ऑफिसमधल्या व्हॉलंटियरने त्यांच्या हातात जुनाच फॉर्म दिला, कारण खालच्या ड्रॉवरमध्ये त्याच्या दोनशे झेरॉक्स पडल्या होत्या. त्यातल्या एकीने "वडील" वर काट मारली, वर बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं आणि हसून परत दिला. ड्रॉवर आधी रिकामा करा.